लढाईच्या काळातला रुपया

रोह्याच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारे माझे एक जुने मित्र आहेत. गेल्या मे महिन्यात त्यांचा निरोप आला. नागोठण्याच्या बाजूच्या एका गावात त्यांच्या विद्यार्थ्याच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत चांदीच्या रुपयांचा डबा सापडला होता. घरच्यांना तो पेणच्या सराफाकडे मोडीत घालायचा होता. त्याआधी एकदा येऊन पाहा, असे मित्राचे म्हणणे. मी पदार्थविज्ञानात काम करतो, संमिश्र धातू हा माझा रोजचा विषय, आणि नाण्यांचा नाद लहानपणापासूनचा. दिवा-रोहा गाडी पकडली आणि गेलो.

डब्यात ३४ रुपये होते. त्यांतले ११ जुने, म्हणजे राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या छापाचे. २२ रुपये सहाव्या जॉर्जचे, १९४०, १९४१ आणि १९४२ या सालांचे. एक १९४७ चा, मागे वाघ असलेला. जुने अकरा एका फडक्यात बांधलेले होते, बाकीचे सुटे. त्याचे कारण घरातल्या नव्वदीच्या आजींनी सांगितले. त्यांच्या सासऱ्यांनी १९४२ च्या सुगीचे भात पेणच्या एका व्यापाऱ्याला विकले. त्याने दिलेले रुपये घरी आणून दगडावर वाजवले, तर आवाज नेहमीचा नव्हता. परत जाऊन जाब विचारला तेव्हा व्यापारी म्हणाला, सरकारनेच असे दिलेत. भांडण झाले आणि त्या घराशी देवघेव कायमची तुटली. खोटे नाणे दुसऱ्याच्या गळ्यात मारायचे नाही म्हणून सासऱ्यांनी ते रुपये कधी खर्च केले नाहीत. "राणीचा रुपया बोलतो तसे हे बोलत नाहीत, बाबा," आजी म्हणाल्या, आणि अंगठ्याच्या नखावर एक रुपया उडवून त्यांनी मला ऐकवलाही.

आवाज खरोखरच वेगळा होता. प्रश्न असा, की तो वेगळा का?

१८३५ सालच्या कायद्याने कंपनी सरकारने रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, ठरवले. आजच्या मापाने ते ११.६६ ग्रॅम भरते. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबे. शुद्ध चांदी हिशेबाने १०.६९ ग्रॅम. शंभरहून अधिक वर्षे हे प्रमाण बदलले नाही. आपल्या भाषेतला 'बंदा रुपया' तो हाच. पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव इतका चढला की रुपयातल्या धातूची किंमत रुपयापेक्षा वर जाऊ लागली. तेव्हा १९१७ साली एक रुपयाची नोट काढावी लागली, चवलीतली चांदी गेली, आणि १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. पण त्या धामधुमीतही रुपयाचा कस कायम राहिला.

दुसऱ्या महायुद्धात तो टिकला नाही. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि लोकांनी नोटा देऊन नाणी घ्यायला धाव घेतली. गरजेपेक्षा जास्त नाणी जवळ करणे गुन्हा ठरवणारा हुकूम त्याच महिन्यात निघाला, आणि त्याच वर्षी एक रुपयाची नोट पुन्हा आली. नाण्यांतली चांदीही त्याच वर्षी टप्प्याटप्प्याने उतरवली : आधी पावली, मग अधेली, आणि वर्षअखेरीस रुपया. नव्या रुपयाचे वजन तेच ठेवले, पण चांदी निम्मी. उरलेल्या निम्म्यात ४० टक्के तांबे, ५ टक्के जस्त आणि ५ टक्के निकेल. एका रुपयामागे सरकारची ४.८६ ग्रॅम चांदी वाचली.

ही चार धातूंची मिसळ काही हिंदुस्थानात शोधलेली नव्हती. ब्रिटनने आपल्या नाण्यांतली चांदी १९२० सालीच निम्म्यावर आणली होती, आणि त्यात फसगतही झाली होती. निम्मे चांदी आणि बाकी बहुतेक तांबे असे नाणे वापरात पिवळट-तपकिरी पडते. याचे कारण असे की चांदी आणि तांबे घन अवस्थेत एकमेकांत फारसे विरघळत नाहीत. वितळलेला रस थंड होताना चांदीबहुल आणि तांबेबहुल असे दोन प्रकारचे सूक्ष्म कण वेगवेगळे होतात, आणि तांबेबहुल कण हवेला व घामाला लवकर बळी पडतात. निकेल हे तांब्यात सहज विरघळते आणि त्याचा तांबडेपणा मारते. जस्त रंग उजळण्यास हातभार लावते, शिवाय वितळलेल्या रसातला ऑक्सिजन ओढून घेते. १९२७ पासून ब्रिटनने ५०-४०-५-५ हे प्रमाण स्वीकारले, तेच पुढे आपल्याकडे आले. हीण घालायचे तर ते दिसू नये असे घालणे हेही एक शास्त्र आहे!

रंगाने ओळखता आले नाही तरी घनतेने ओळखता येते, आणि हा प्रयोग कोणत्याही शाळेत होऊ शकतो. चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, निकेलची ८.९१ आणि जस्ताची ७.१४ ग्रॅम प्रति घ.सें.मी. आहे. विद्यार्थी येथे सहसा एक चूक करतात. ते टक्केवारीने घनतांची सरासरी काढतात. टक्केवारी वजनाची असल्यामुळे आधी प्रत्येक घटकाचे आकारमान काढून त्यांची बेरीज घ्यावी लागते. तसे केले की जुन्या रुपयाची घनता १०.३४ येते आणि युद्धकालीन रुपयाची ९.५३. म्हणजे ११.६६ ग्रॅमचा जुना रुपया १.१३ घ.सें.मी. जागा व्यापेल, तर नवा १.२२. व्यास जवळजवळ तोच असल्याने नवा रुपया सरासरीने साडेआठ टक्के जाड असला पाहिजे.

आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. आधी रुपया कोरडा तोलला. मग काट्यावर पाण्याने अर्धे भरलेले चंचुपात्र ठेवून काटा शून्यावर आणला, आणि रुपया बारीक दोऱ्याने पाण्यात असा लटकवला की तो पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही. आता काट्यावर जो आकडा येतो ते बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, म्हणजेच ग्रॅममधला तो आकडा हे रुपयाचे घ.सें.मी.मधले आकारमान. आर्किमिडीजचे तत्त्व पाठ म्हणणाऱ्या मुलांनाही, आपण रुपया हाताने धरलेला असताना काट्यावर वजन का वाढते, हे कोडे पडते. त्यावर वर्गात दहा मिनिटे घालवली तर ती वाया जात नाहीत.

सावधगिरी दोनच गोष्टींची. पहिली, नाण्याच्या दातेरी कडेत हवेचे बुडबुडे अडकतात. दोन मिलिमीटरचा एक बुडबुडा ०.००४ घ.सें.मी. खातो, आणि असे पाच जमले की निकालात खोट येते. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा आणि नाणे तिरके करून हळूच बुडवावे. दुसरी, काट्याची चूक. दोन आकड्यांतला फरक फक्त ०.०९ ग्रॅमचा असल्याने ०.१ ग्रॅमपर्यंतच दाखवणारा काटा एका नाण्याला निरुपयोगी आहे. पण एकाच प्रकारची दहा नाणी एकत्र बांधून बुडवली तर फरक जवळजवळ एक ग्रॅमचा होतो आणि तोच काटा पुरेसा ठरतो. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर असते, त्यामुळे त्याची घनता ०.९९६ असते. ती दुरुस्ती येथे सोडून दिली तरी चालेल.

पहिला १९४१ चा रुपया घेतला. वजन ११.६१, पाण्यातला आकडा १.२२, भागाकार ९.५२. दुसरा, तिसरा, असे बावीसही रुपये ९.४ आणि ९.६ यांच्या दरम्यान आले. सारे अस्सल, सरकारी टांकसाळीचे. व्यापारी खरे बोलला होता.

ज्या साली हे भांडण झाले त्या साली रुपयाच्या या उलथापालथीच्या मध्यभागी याच जिल्ह्याचा माणूस बसलेला होता, हा योगायोग मला तिथे बसल्या बसल्या आठवला. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म महाडजवळच्या नाते या गावचा आणि बालपण रोह्याचे. डिसेंबर १९४१ पासून ते रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर होते आणि ऑगस्ट १९४३ मध्ये पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नाण्यातली चांदी किती हा निर्णय भारत सरकारचा, बँकेचा नव्हे. पण जुनी नाणी गोळा करून नवी आणि नोटा पसरवण्याचे काम बँकेमार्फतच चालले होते. राणीचे रुपये मार्च १९४१ अखेर चलनातून काढले, एडवर्डचे मे १९४२ अखेर, आणि पाचव्या व सहाव्या जॉर्जचे जुन्या कसाचे रुपये १ मे १९४३ पासून. म्हणजे आजींच्या सासऱ्यांनी फडक्यात जपलेले राणीचे 'खरे' रुपये तेव्हा कायद्याने चलन राहिलेच नव्हते, आणि 'खोटे' म्हणून बाजूला ठेवलेले मात्र बाजारात चालणारे होते. खेड्यापाड्यांतून ही खबर किती पोचली असेल, याचे उत्तर तो डबाच देत होता.

मग आवाजाचे काय? आजींचा कान चुकला नव्हता. नाणे वाजते म्हणजे त्याची चकती किंचित वाकून कंप पावते. व्यास सारखा असेल तर कंपनसंख्या जाडीच्या प्रमाणात वाढते, तसेच धातू जितका ताठ आणि जितका हलका तितकी वाढते. युद्धकालीन रुपया जाड, घनतेने हलका, आणि तांबे, जस्त व निकेल हे तिन्ही चांदीपेक्षा ताठ. म्हणजे सगळ्याच बाजूंनी सूर वर चढणार. जुन्या रुपयाची मूळ कंपनसंख्या हिशेबाने ५ हजार हर्ट्‌झच्या आसपास येते, नव्याची त्याहून बरीच वर. दोन पिढ्या एकाच सुराला सरावलेल्या कानांना हा बदल खटकला नसता तरच नवल. मोबाईलमध्ये ध्वनीचा वर्णपट दाखवणारी सोय मिळते. दोन्ही रुपये दोऱ्याने टांगून पेन्सिलीने टिचकी मारून विद्यार्थ्यांनी हे जरूर पाहावे. तडा गेलेला, ओतीव किंवा कडी डाखलेला रुपया मात्र बद्द वाजतो. ती गोष्ट निराळी.

१९४७ च्या रुपयाला काट्याची गरजच पडली नाही. तो शुद्ध निकेलचा आहे आणि लोहचुंबकाला झटकन चिकटतो. युद्धकालीन रुपयात निकेल असूनही तो चिकटत नाही, कारण ते तांब्यात विरघळलेले असते.

आता दर्जाकडे येऊ. संग्राहक ज्याला 'ग्रेड' म्हणतात तो धातूचा कस नव्हे. टांकसाळीतून निघाले त्या क्षणापासून नाणे किती झिजले, याचे ते माप. अस्सल नाणेही हलक्या दर्जाचे असू शकते, हे मुलांना आधी स्पष्ट करावे. गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड अशा पायऱ्या जगभर रूढ आहेत. १९४९ साली विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्यांच्या देशातल्या जुन्या सेंटच्या नाण्यांसाठी १ ते ७० आकड्यांची पट्टी सुचवली, ती पुढे सगळ्याच नाण्यांना लावली गेली. माझ्या मते शाळेने आकड्यांच्या नादी लागू नये. ६३ आणि ६४ यांतला फरक सांगणाऱ्यांचे आपसांत जमत नाही.

नाणे कडेने धरावे, गादीवर किंवा घडी केलेल्या फडक्यावर, आणि एका बाजूने येणाऱ्या दिव्याच्या प्रकाशात पाच ते दहापट भिंगाखाली सावकाश फिरवावे. झीज आधी उंचवट्यांवर दिसते. सहाव्या जॉर्जच्या रुपयावर भुवई, गाल, कानावरचे केस आणि मुकुटाच्या पट्टीवरची रत्ने पाहावीत. मागच्या बाजूला वेलीतली फुले आणि पानांची टोके. रत्ने सुटी सुटी मोजता आली तर नाणे चांगले. पट्टी सपाट झाली आणि फक्त मुकुटाची कड उरली असेल तर फाइनच्या वर जाऊ नये.

युद्धकालीन नाण्यांत येथे एक फसवी गोष्ट असते. लढाईच्या घाईत नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली, ठसे झिजेपर्यंत वापरले गेले, त्यामुळे काही नाणी जन्मतःच पुसट आहेत. पुसटपणा झिजेचा की ठशाचा, हे ओळखायचे कसे? ठशाच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म त्रिज्यीय रेषा उमटतात. नाणे फिरवले की या रेषांवरून परावर्तित झालेले उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. हातांच्या घर्षणाने सर्वांत आधी याच रेषा जातात. म्हणून पुसट भागावरही ते चाक फिरताना दिसले, तर नाणे झिजलेले नाही. डब्यातल्या बावीसपैकी चौदा रुपये या कसोटीला उतरले. ऐंशी वर्षे अंधारात पडून होते, म्हणूनच!

झिजेचे एक मोजमाप कायद्यानेही दिले होते. १९०६ च्या नाणे कायद्यानुसार रुपयाचे वजन ठरल्यापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त घटले की तो बंधनकारक चलन राहत नसे. म्हणजे मर्यादा ११.४३ ग्रॅमची. डोळ्यांनी ठरवलेला दर्जा आणि काट्यावरचे वजन यांचा आलेख काढणे हा नववी-दहावीसाठी चांगला प्रकल्प होईल. त्यात एक पथ्य पाळावे : प्रत्येक विद्यार्थ्याने आपला दर्जा चिठ्ठीवर लिहून घडी घालावी, एकमेकांना सांगू नये. चिठ्ठ्या उघडल्यावर मतभेद किती निघतात ते पाहून मापनातली व्यक्तिगत चूक म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

डब्यातल्या तीन रुपयांची आदल्या रात्रीच वाट लागली होती. पाहुणे येणार म्हणून घरातल्या मुलाने ते चिंच आणि राखेने लख्ख घासून ठेवले होते. मी त्याला काही बोललो नाही, कारण वयाच्या बाराव्या वर्षी मी स्वतः पाचव्या जॉर्जच्या एका सुंदर अधेलीचा रांगोळीने असाच खून केला आहे. राखेचे कण त्या सूक्ष्म रेषा खरवडून काढतात. आम्लात तांबेबहुल कण आधी झिजतात, आणि निम्म्या चांदीच्या नाण्याचे त्यामुळे जास्त नुकसान होते. त्यावर पुन्हा चकाकी आणण्याचा उपाय नाही. नाण्यावरचा काळा थर हा सिल्व्हर सल्फाइडचा, हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने आलेला. तो पातळ असताना पिवळा, जांभळा, निळा असे रंग दिसतात. ते साबणाच्या फुग्यासारखे व्यतिकरणाचे रंग आहेत. तो थर राहू द्यावा. ॲल्युमिनियमची पत्री आणि खाण्याचा सोडा यांचा प्रसिद्ध प्रयोग चांदीच्या मोडक्या चमच्यावर करावा, नाण्यावर नको.

पेणच्या खाडीकाठच्या, मिठागरांजवळच्या घरांत आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे खारी हवा. क्लोराइडमुळे युद्धकालीन रुपये तांब्याच्या भांड्यासारखे कळकतात, कडेच्या खाचेत हिरवे ठिपके धरतात. नाणी कोरड्या, साध्या कागदाच्या पाकिटात ठेवावीत. रबरबँड नको, त्यात गंधक असते. पीव्हीसीचे मऊ पारदर्शक कप्पेही नकोत, त्यातून कालांतराने आम्ल सुटते.

संग्रह करणाऱ्यांसाठी थोडे. या रुपयांच्या दातेरी कडेतून मधोमध नक्षीची एक खाच फिरते. नकला रोखण्यासाठी ती घातली होती, आणि कस बदलल्याची ती सर्वांत सोपी खूणही आहे. १९४३ पासून लाहोरला नवी टांकसाळ सुरू झाली, तिथल्या नाण्यांवर 'एल' हे इंग्रजी अक्षर आढळते. १९३९ चा रुपया जुन्या कसाचा आणि फार दुर्मीळ, म्हणून १९३८ मधला आठ कोरून नऊ केलेले रुपये बाजारात फिरतात. दोन्हींचा धातू एकच असल्याने घनता तिथे काही सांगू शकत नाही. तिथे भिंगच हवे. १९४० ते १९४५ चे रुपये मात्र विपुल आहेत. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो म्हणून फोनवर आधी 'शुल्क' मागणाऱ्यांपासून सावध राहावे. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये तसा इशारा दिला होता. जमिनीत पुरलेली नाणी सापडली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

चांदीचा हा हिशेब लढाईनंतरही बरीच वर्षे संपला नाही. अमेरिकेने युद्धात हिंदुस्थानला सुमारे २२.६ कोटी औंस चांदी उसनी दिली होती, ती चांदीच्याच रूपात परत करायची होती. १९४६-४७ मध्ये निकेलची नाणी आली, निम्म्या चांदीचे रुपये परत घेऊन वितळवले गेले, कलकत्त्याला अलिपूर येथे त्यांतली चांदी वेगळी करण्याचा कारखाना उभा राहिला, आणि १९५७ साली फेड झाली.

दुपारी शेवटी फडक्यातले अकरा जुने रुपये काट्यावर घेतले, खरे तर केवळ नियम म्हणून. दहा रुपये १०.३ च्या आसपास आले. अकरावा, राणीच्या छापाचा, वजनाला १०.३४ ग्रॅम, पाण्यात १.२१, घनता ८.५५. भिंगाखाली अक्षरांच्या कडा गोलसर आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे. पितळेचा ओतीव रुपया, वरून चांदीचा मुलामा. आजींनी तो मागून घेतला, नखावर उडवला आणि कानाशी धरला. मग म्हणाल्या, हा तर आमच्याच घरातला, पेणचा नव्हे. घासलेले तीन आणि हा एक, असे चार रुपये मित्राने घरच्यांच्या संमतीने शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मागून घेतले. बाकीचे तीस, वजन, घनता, साल आणि दर्जा लिहिलेल्या कागदी पाकिटांतून पुन्हा डब्यात गेले. सराफाकडे जायचे सध्या तरी लांबले आहे.